मिसिंग मारणारी गाडी आणि नुरुद्दीन मिस्त्री

दिघीहून फेरीबोट येऊन आगरदांड्याला लागली की मोटारसायकली जेट्टीचा चढ चढून वर येतात. त्या चढाच्या माथ्याशी नुरुद्दीन मिस्त्रींचं गॅरेज. पूर्वी ते बाकावर चहा पीत बसत आणि खालून येणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून सांगत, "हिचा प्लग काळा पडलाय," नाहीतर, "चेन ढिली आहे, मुरूड यायच्या आत उतरेल." गाडीवाला हसून पुढे जाई आणि बऱ्याचदा गाडी ढकलत परत येई. आसपासच्या गावांत त्यांना कानवाले मिस्त्री म्हणूनच ओळखत.

तरुणपणी ते शारजाला जनरेटर दुरुस्तीच्या कामावर होते. बंद शेडमध्ये दिवसभर मोठाली इंजिनं धडधडत असत. तेव्हा काही वाटलं नाही, पण पन्नाशी उलटल्यावर त्यांना आधी फोनची रिंग ऐकू येईना, मग समोरच्याचे शब्द तुटक येऊ लागले. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते अंदाजानं ओळखायचं, मान डोलवायची आणि कामाला लागायचं.

हे लपणारं नव्हतं. आतल्या गावचा रघू, भातशेती करणारा गडी, एकदा गाडी घेऊन आला. इंजिनातून खडखड येतेय म्हणाला. मिस्त्रींनी नेहमीसारखा कान लावला, ऑइल पाहिलं आणि गाडी ठीक आहे असं सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी भरल्या रस्त्यात रघूचं इंजिन जाम झालं, मागचं चाक अडलं आणि तो गुडघ्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी लंगडत आला तो भांडायला नव्हे.

"चाचा," तो जवळ वाकून मोठ्यानं म्हणाला, "येवढा आवाज येत व्हता. तुमाला खरंच आला न्हाय?"

रघू शिव्या देता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. त्यांनी त्याचं इंजिन पूर्ण उघडून बांधून दिलं आणि शटर ओढलं ते ओढलंच.

मुलीनं, अलिनानं, मुंबईहून कानाचं मशीन आणलं. घरात त्याचा उपयोग झाला. पण मोटारसायकलजवळ गेलं की इंजिन, हॉर्न, कावळे, बोटीचा भोंगा असा सगळा एकच कल्लोळ कानात घुसे. त्यातून इंजिनातल्या टॅपेटची बारीक टकटक वेगळी काढणं अशक्य. ते घरात बसून राहू लागले. मशीन डबीत पडून राहिलं, दाढीसुद्धा नीट करेनात.

त्यांची बायको जैबुन्निसा हे रोज बघत होती. ती घरी शिवणकाम करायची. एका दुपारी तिनं त्यांना हाक मारून पाहिली आणि मग उठून त्यांचा हात धरून शिलाई मशीनपाशी आणलं. "टाके सोडतंय," ती त्यांच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाली. "बघा जरा."

मशीन बघायला ते वाकले आणि आधारासाठी तळवा लाकडी फळीवर टेकवला. जैबुन्निसानं पायडल मारलं. फळीतून सुईचा ठेका हातात येत होता, आणि मध्येच एक ठोका गळत होता. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा तसंच. ठोका, ठोका, मग खळगा.

"सुई वाकलेय," ते म्हणाले.

"कशावरून?"

त्यांनी तळवा वर करून दाखवला. जैबुन्निसा तो हात धरून फणकाऱ्यानं म्हणाली, "मग? कान गेला म्हणून रडत बसलात, आणि हा हात काय पेन्शनीत काढलाय?"

त्या दिवसापासून अंगणात त्यांचा एक वेगळाच अभ्यास सुरू झाला. स्वतःची जुनी गाडी स्टँडवर लावायची आणि मुद्दाम बिघडवायची. प्लगची टोपी सैल करायची, हवेचा स्क्रू आवळायचा, टॅपेट ढिलं करायचं आणि दर वेळी जाड फडकं गुंडाळून हात कधी सायलेन्सरवर, कधी इंजिनाच्या कुशीला लावायचा. पेट्रोल कमी पडलं की इंजिन दमल्यासारखं खाली बसतं. ठिणगी चुकली की हाताला अचानक रिकामा खड्डा लागतो. हा फरक त्यांना हळूहळू समजू लागला. हाताला फोड आले, एकदा मनगट चांगलंच भाजलं. जैबुन्निसा मलम लावायची आणि पुन्हा अंगणात पाठवायची.

वायरिंगचं काम पूर्वी ते टाळत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं इथल्या गाड्यांचे जोड आतून सडतात आणि असला दोष कुठल्याच कानाला ऐकू येत नाही. आता त्यांनी टेस्टिंगचा दिवा आणि मीटर घेतला. वीज कुठून निघते, कुठे पोचते आणि कुठून परत येते, हे एकेक वायर बोटानं चाचपत ते शिकत गेले.

गॅरेज पुन्हा उघडलं तेव्हा दारावर खडूनं लिहिलं होतं : "ऐकू येत नाही. समोर उभं राहून बोला." पहिले काही आठवडे फक्त पंक्चरवाले आले.

मग एका सकाळी प्राप्ती आली. ही वाड्या-वाड्यांवर लस घेऊन फिरणारी आरोग्यसेविका. चढाच्या वाटा म्हणून स्कूटर सोडून मोटारसायकल चालवायची. गाडी ढकलून तिचा चेहरा लाल झाला होता.

"चाचा, ही मिसिंग मारते," ती समोर येऊन सावकाश बोलली. "नेहमी न्हाय. मधूनच झटका खाऊन अडखळते. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ केला. गॅरेजात नेली की शहाण्यासारखी चालते. काल वाडीत बायका पोरं घेऊन बसून राहिल्या आणि मी लशीचा डबा घेऊन वाटेत. आता ही विकतेच मी."

"विकू नको. कधी मिसिंग मारते? पाऊस? चढ? वळण?"

"वळणावर, उतारावर. धुकं असलं की जास्त." तिनं आठवून सांगितलं. "कोरड्या सपाट रस्त्यावर काय न्हाय."

मिस्त्रींनी गाडी चालू केली आणि हात लावला. ठेका स्वच्छ होता. रेस दिली, तरी स्वच्छ. मग त्यांनी विचार केला : उतारावर माणूस ब्रेक मारतो, वळणावर हॉर्न दाबतो, धुक्यात मोठा दिवा लावतो.

"बस वर. दिवा लाव. ब्रेक दाब."

प्राप्तीनं पाय दाबला आणि त्यांच्या तळव्याखाली ठेक्यात खड्डा पडला. पाय सोडला, ठेका सरळ. पुन्हा दाबला, पुन्हा खड्डा. मिस्त्री मान वळवून गाडीच्या मागे पाहू लागले आणि तिथेच थांबले. ब्रेकचा लाल दिवा मंद होता, आणि न लावलेले दोन्ही इंडिकेटर मात्र अंधूक पेटले होते.

"हे बघ!" ते ओरडले. स्वतःचा आवाज केवढा मोठा झाला ते त्यांना कळलं नाही. रस्त्यापलीकडचे लोकही वळून पाहू लागले. "इंडिकेटर तू लावलेस?"

"न्हाय."

"मग ते का पेटले? विजेला परत जायची वाट अडलेय. म्हणून ती भलत्या घरातून वाट काढतेय. प्लगची ठिणगीही त्यातच अडकतेय."

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला लावली. आकडा जवळजवळ शून्य हवा होता. प्राप्तीनं ब्रेक दाबताच तो उसळून वर गेला. त्यांनी टाकी उतरवली. खाली वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या सगळ्या अर्थिंगच्या वायरी एका बोल्टला कसलेल्या होत्या. वरून बोल्ट घट्ट दिसत होता. पान्हा फिरवून उघडला तर आत हिरवट पांढरी भुकटी, मिठागरासारखी.

पॉलिश पेपरनं घासून त्यांनी धातू चकचकीत केला, वायरींना नवी टोकं बसवली, बोल्ट कसला आणि वर ग्रीसचा थर दिला. मग प्राप्तीच्या मागे स्वतः बसले आणि पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

ती गाडी त्या दिवशी मुरूडच्या रस्त्यावर दिवा लावून, हॉर्न वाजवत, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत गेली. मागे बसलेल्या मिस्त्रींचा एक हात सीटखालच्या नळीवर होता. चढ, उतार, वळण, कुठेही ठोका गळला नाही. परत आल्यावर प्राप्तीनं गाडी थांबवली, पण उतरायच्या आधी मुठी वर करून अशी काही किंचाळली की शेजारचा चहावाला धावत आला.

"काय म्हणाली?" मिस्त्रींनी विचारलं.

चहावाल्यानं दोन्ही अंगठे वर केले.

पुढचं काम प्राप्तीनंच केलं. वाडीवाडीत ती सांगत सुटली. रघू आला, मुद्दाम सगळ्यांसमोर गाडी त्यांच्या दारात लावून गेला. मग बिघाड सापडत नाही म्हणून इतरांनी सोडलेल्या गाड्या येऊ लागल्या. वळताना बंद पडणारी, भिजली की झटके देणारी, रोज सकाळी बॅटरी उतरलेली.

मागच्या महिन्यात दिघीचे येसाजी, स्वतः गॅरेजचे मालक, फेरीबोटीनं एक गाडी घेऊन आले. हँडल डावीकडे वळवलं की ती मरत होती. मिस्त्रींनी वायरींच्या जुडग्यावरून बोटं फिरवली आणि हँडलच्या बगलेत, घासून उघडी पडलेली एक वायर चिमटीत धरून दाखवली. येसाजींनी कपाळाला हात लावला, हसले आणि बोलण्यासाठी मुद्दाम त्यांच्या समोर येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, माझी माणसं पाठवली तर शिकवाल?"

नुरुद्दीन मिस्त्रींनी त्यांचे ओठ नीट वाचले. "पाठवा," ते म्हणाले. "पण त्यांना सांगा, पहिला महिना कानात कापूस घालावा लागेल."