पुस्तकात नसलेली बाई

शांतवन पाटोळ्यांनी एकोणीस वर्षांत दोनशेच्या वर पुस्तकं लोकांना वाचायला सांगितली आणि त्यातलं एकही स्वतः वाचलं नाही. खोटं वाटेल, पण खरं आहे. विश्रांतवाडीतली त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, तशी लहान. महिन्याच्या पहिल्या रविवारी संदेश झाला, दानाची थैली फिरली की पाळकसाहेब म्हणायचे, "आता पाटोळेसाहेबांची पाच मिनिटं." मग पाटोळे कडक इस्त्रीचा शर्ट सावरत पुढे यायचे आणि विश्वास वाढवणारं किंवा विश्वासाला चांगला हलवून सोडणारं एखादं ख्रिस्ती पुस्तक हातात धरून बोलायचे. टेलिफोन खात्यात जन्म गेलेला माणूस, पण आवाज असा की डिरेक्टरी वाचून दाखवली असती तरी लोकांनी आमेन म्हटलं असतं.

वाचायची त्यांची बायको, दीपमाला. ती महिनाभर पुस्तक वाचायची आणि शनिवारी चारच्या चहानंतर त्यांना सांगायची. पाटोळे कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर मुद्दे उतरवून घ्यायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी मंडळी त्यांचा हात हातात घेऊन म्हणायची, "काय वाचन आहे हो तुमचं!" आणि दीपमाला तिसऱ्या बाकावर पदर सारखा करत बसलेली असायची. या सोंगाचा तिला राग यायचा की गंमत वाटायची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

हे सगळं उघडं कसं पडलं नाही, असं कुणी विचारेल. अहो, पडणार कसं? पुस्तकाची शिफारस झाली की आपल्याकडे पुस्तक वाचायची गरज संपते. मंडळीच्या कपाटातली पुस्तकं कव्हर घालून, नंबर टाकून, कुलूप लावून अगदी सुखरूप होती.

गेल्या नाताळाच्या तीन आठवडे आधी दीपमाला गेली. सकाळी दूध तापवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली ती बसलीच. जानेवारीत पाळकसाहेबांनी पाटोळ्यांना आपणहून सुट्टी दिली, फेब्रुवारीत पाटोळ्यांनीच घसा बसल्याचं सांगितलं. घरात शनिवारचे चार वाजले की त्यांना पान उलटल्याचा आवाज यायचा. पंखा बंद करून पाहिला, खिडकी लावून पाहिली. आवाज यायचाच. शेवटी ते त्या वेळी खाली जाऊन सोसायटीच्या बाकावर बसायला लागले.

मार्चमध्ये, एका शनिवारी, तनुजा त्या बाकापाशी आली. तिशीची मुलगी, खराडीला कुठल्याशा कंपनीत कामाला. नवरा ऋषी उपासनेत गिटार वाजवायचा. तिच्या हातात कपाटातलं एक पुस्तक होतं, मोहरीच्या रंगाच्या कव्हरचं.

"सलाम अंकल. तुम्ही बिझी नाही ना? मला या पुस्तकातलं एक पान सापडत नाहीये."

"कुठलं?"

"ती बर्फाच्या देशातली बाई. तुम्ही मागच्या वर्षी सांगितली होती. जिचं अकरा दिवसांचं बाळ गेलं. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं चर्चमध्ये उभं राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचला, आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि सगळ्यांनी त्याच्या विश्वासाचं कौतुक केलं. त्यानंतर तीन वर्षं जेवणाआधी तो प्रार्थना करायचा तेव्हा ही मान खाली घालून ताटातली शितं मोजायची."

"असेल की आतच. पान निसटलं असेल."

"मी दोनदा वाचलंय अंकल. बाईच नाहीये. आणि बर्फाच्या देशात ताटात भात कुठून आला, हे मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं."

पाटोळ्यांनी पुस्तक घेतलं आणि उगाच चाळल्यासारखं केलं. तनुजा त्यांच्या शेजारी बसली.

"सप्टेंबरमध्ये माझं बाळ पोटातच गेलं, तुम्हाला माहितीये. पुढच्याच रविवारी ऋषी पुढे उभा राहून वाजवत होता. सगळे म्हणत होते, किती स्ट्राँग आहे. तेव्हापासून मला प्रार्थना येत नाही. ओठ हलवते फक्त. मला एवढंच बघायचंय, त्या बाईचं पुढे काय झालं. तिला परत प्रार्थना करता आली का?"

"आठ दिवस दे," पाटोळे म्हणाले. "बघून सांगतो."

ती गेली आणि पाटोळे तिथेच बसून राहिले. चौऱ्याऐंशी साली त्यांचा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला होता. बुधवारी गेला, त्याच दिवशी दफन झालं, आणि चौथ्या दिवशी रविवार होता. शास्त्रपाठाची पाळी पाटोळ्यांची होती. लोक म्हणाले, राहू द्या. पाटोळे म्हणाले, नाही, देवाचं काम थांबत नाही. आणि त्यांनी वाचलं, खणखणीत. त्या दिवसाचा त्यांना आजवर अभिमान होता.

आणि हीच गोष्ट त्यांनी मागच्या वर्षी सगळ्या मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. बर्फ होता म्हणून ओळखली नाही. नुसती सांगितली नाही, वर पदरचं जोडलंही होतं: "बघा, माणसाचं मन किती कठीण होतं! अशा हट्टी बाईलाही देवानं टाकलं नाही." दीपमाला तेव्हा तिसऱ्या बाकावरून त्यांच्याकडे बघत होती. कशी बघत होती, ते त्यांना काही केल्या आठवेना.

त्या आठवड्यात एकाहत्तर वर्षांचा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकं वाचायला बसला. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच होती. पिशव्या भरभरून पुस्तकं घरी आणली, कॅलेंडरची जुनी पानं पेटीतून काढली, आणि एकेक कागद पुस्तकाशी ताडून बघू लागले. दोन्ही वेळा पाव आणि चहा. दीपमाला प्रामाणिक होती. पन्नास पुस्तकं चाळून झाली तरी सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे सापडत होतं. पण मधेच एखादी बाई अशी यायची, जी पुस्तकात कुठेच नसायची.

सगळी पुस्तकं काही आठवड्यात होणार नव्हती, पण तेवढ्यात अशा सहा सापडल्या. एक वाळवंटातली, जिनं पिठाच्या डब्यात बाळाचं झबलं लपवून ठेवलं होतं. एक कोळ्याची बायको, जिला धर्मगुरू म्हणाले, देवाची इच्छा, आणि ती त्यांच्या पुढ्यातला भरलेला कप उचलून आत घेऊन गेली. एक विणकरीण, जी दर वर्षी एका तारखेला नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची, याला आठवतंय का म्हणून, आणि त्याला आठवत नसे. देश वेगळे, माणसं वेगळी, बाई मात्र एकच. ती याच घरात, याच ओट्यापाशी वावरत होती. अक्षर पाटोळ्यांचं होतं आणि त्यातून बोलत होती दीपमाला. तिला त्यांच्याशी बोलायचं होतं तेव्हा तिनं पुस्तकाचा आडोसा घेतला, कारण पुस्तकातलं तेवढंच ते लिहून घ्यायचे. दुपारी चार वाजता, भर उजेडात, त्यांच्या अंगावर काटा आला.

सहावा कागद ऑक्टोबरचा होता, शेवटचा. एक म्हातारी बाई सकाळी दोरीवर कपडे वाळत घालते. चाळीस वर्षं ती देवाशी एक शब्द बोललेली नाही, मंडळीत बसून नुसते ओठ हलवत आली. त्या सकाळी हातातलं ओलं धोतर तसंच धरून ती पहिल्यांदा मोठ्यानं देवाला म्हणते, आणि तिथे कागद संपला होता. खाली रेघ, आणि रेघेखाली पाटोळ्यांच्या अक्षरात: पुरे. पाच मि.

तो शनिवार त्यांना लख्ख आठवला. ते म्हणाले होते, "बस, बस. एवढंच बसतं पाच मिनिटांत. शेवट लोकांनी वाचावा, म्हणजे उत्सुकता राहते." दीपमाला एवढंच म्हणाली होती, "बरं." आणि कप विसळायला उठली होती.

तरी त्यांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. कुठल्याशा डॉक्टरच्या आठवणी होत्या. त्यात कपडे वाळत घालणारी बाई नव्हती. नसणार हे माहीत असूनही त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

पुढच्या शनिवारी तनुजा घरी आली. टेबलावर पुस्तकांचे ढीग बघून ती जरा बिचकली. पाटोळ्यांनी तिला दीपमालाच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. त्यांच्या जिभेवर एक शेवट तयार होता. ती बाई गुडघे टेकते, रडते, तिच्या मनावरचं ओझं उतरतं. असे शेवट त्यांनी दोनशे वेळा सांगितले होते, आवाजही साथ द्यायला तयार होता, आणि समोरची पोर तेवढंच ऐकायला आली होती. तिला बरं वाटलं असतं. ती हलक्या मनानं घरी गेली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं.

"सापडलं का अंकल?"

"ती पुस्तकात नाही, बाळा. ती तुझ्या पुढच्या बाकावर बसायची. आणि तो शास्त्रपाठ मी वाचला होता."

तनुजानं एकदा त्या खुर्चीच्या हातांकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "मग आँटींना परत प्रार्थना करता आली?"

"सांगत होती," पाटोळे म्हणाले. "मीच म्हटलं, पुरे."