दुकानाच्या दारातून घेतलेला व्हिडिओ

दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. शिलाईवाल्या आक्का पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. नवऱ्यानं शिवलेली बाही त्या दोनदा ओढून बघत, मगच गिऱ्हाइकाच्या हातात देत.

एका दुपारी त्यांच्या दुकानासमोर बसणाऱ्या किल्लीवाल्याला दोन पोलिसांनी धरलं. रस्ता अडवतोस म्हणत हवालदारानं त्याचा हात पिरगाळला. तो नुसता विव्हळत होता. आक्कांनी मशीन थांबवलं आणि दारात उभं राहून मोबाईल धरला.

"ए बाई, बंद कर ते!" हवालदार ओरडला. "ड्युटीवरच्या पोलिसाचं शूटिंग करणं गुन्हा आहे."

"कुठल्या कायद्यात?" मोबाईल खाली न घेता आक्कांनी विचारलं. "मी माझ्या दारात उभी आहे. तुमच्या आडवी आलेय का?"

हवालदार दातओठ खात किल्लीवाल्याला घेऊन गेला.

तेव्हापासून आक्कांना चैन पडेना. गिऱ्हाईक जरा जास्त रेंगाळलं की त्यांची नजर आधी त्याच्या बुटांकडे जायची, पोलिसी तर नाहीत ना म्हणून. नवरा म्हणाला, "पुसून टाक. आपल्याला काय करायचंय?"

मग एका सकाळी त्याच जोडीतला तरुण शिपाई साध्या कपड्यांत आला. पँट आखूड करायची होती म्हणे. माप घेताना हळूच बोलला, "आक्का, तो व्हिडिओ जपा. किल्लीवाल्यानंच आधी मारलं असं हवालदारांनी लिहिलंय. मला तोंड उघडता येत नाही."

हा गळ तर टाकत नाही? आक्कांनी टेप गुंडाळून ठेवली.

"कसला व्हिडिओ? केव्हाच पुसला."

त्याचा चेहरा उतरला. तेही नाटकच असेल, असं त्यांना वाटलं.

तो गेल्यावर आक्का किल्लीवाल्याच्या बायकोला घेऊन वकिलाकडे गेल्या. मोबाईल पुढे करण्याआधी त्यालाही विचारलं, "तुमचं पोलिसांत कुणी नाही ना?"

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, चित्रीकरणच बेकायदा. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "यांनी पोलिसांचं काम अडवलं का?" अडवलं नव्हतं. भर रस्त्यावर घडलेलं बाजूला उभं राहून टिपणं हा गुन्हा नव्हे, असं सांगून त्यांनी व्हिडिओ पाहिला. किल्लीवाला सुटला.

त्याच आठवड्यात शिपायाची लांब बदली झाली. का, ते कुणी सांगेना.

"मी त्याच्याशी खोटं बोलले," आक्का नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, तोही खोटं बोलत असेल."

"असेल तर बरंच," आक्का म्हणाल्या.