खालच्या अठरा ओळी

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. "शिरसाठ, ही शिराझ आहे की ढोबळी मिरचीची भाजी?"

दिंडोरी रस्त्यावरच्या एका वायनरीत मी वाईनमेकर आहे. मॅडम मालक. ग्लासात होती दौलतनानांच्या प्लॉटची वाईन, आणि सलग तिसऱ्या हंगामात तीच तक्रार होती. शिराझ हे लाल वाईनचं द्राक्ष. नीट पिकलं की त्यात जांभूळ आणि काळी मिरी लागते. ढोबळी मिरचीचा वास आला, तर बहुतेक वेळा द्राक्ष कच्चं तोडलेलं असतं.

पण तोडणीचा दिवस मीच ठरवत होतो. प्लॉटवर जायचो, मणी आणायचो, लॅबमध्ये साखर मोजायचो. साखर दर वेळी बरोबर भरायची.

मग दोष कुणाचा? माझं उत्तर तयार होतं. नाना मूळचे खायच्या द्राक्षाचे बागायतदार. घड वजनदार व्हावा म्हणून ते पाणी जास्त सोडत असणार, असं मी मॅडमना सांगितलं. तीन वर्षं सांगत राहिलो, आणि नानांनाही पाणी कमी करायला लावलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, ही तोडणी झाली की करार बंद. पत्र मीच तयार केलं, सहीही माझीच. करार तुटला की नाना बाग काढून टाकणार होते, हे मला माहीत होतं. वाईनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही.

तोडणीच्या दिवशी पत्र खिशात घालून गेलो. प्लॉट रस्त्यापासून ओढ्याकडे उतरता आहे. पहाटेपासून वरच्या चोवीस ओळी तोडून झाल्या होत्या, खालच्या अठरा बाकी होत्या. सुरगाण्याहून आलेल्या बाया मधल्या बांधावर न्याहारीला बसल्या होत्या. नागलीची भाकर, लसणाची चटणी आणि शेजारी द्राक्षांचा एक घड.

नाना नेहमीसारखे रस्त्याकडेला चहा घेऊन उभे होते. चहा प्यायलो, पण पत्र काढवेना. वेळ काढायला म्हणून उतारावर चालत गेलो आणि खालच्या पहिल्या ओळीतला एक मणी तोडला.

"सायेब, तो नका खाऊ," टोळीतली जानीबाई म्हणाली. "खालचा हाय तो."

"खालचा म्हणजे?"

"वरचा ग्वाड लागतो, जिभेला जरा चुरचुरतो. खालचा निस्ता तोंड सुकवतो. आमी भाकरीसंगं वरचाच घेतो, दर साली." मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "सायबाला ठावंच नाय." बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मी त्यांच्या घडातला मणी तोंडात टाकला. रस भरपूर, साल चावली की शेवटी मिरीची चुणूक. शिराझ, शंकाच नाही. मग खालचा मणी चावला. आकाराने लहान, गोल, साल जाड. चावताच ढोबळी मिरची. हिरड्या अशा कोरड्या पडल्या, जणू फार उकळलेला कोरा चहा प्यायलो. बी अजून हिरवट होतं.

पान हातात घेतलं. खोल कातरलेलं, पानाच्या बोटांमध्ये गोल भोकं पडल्यासारखं. हे कॅबरने सोव्हिनियाँ होतं. लाल वाईनचंच दुसरं द्राक्ष, पण शिराझनंतर दोन-तीन आठवड्यांनी पिकणारं.

मी ओळीमागून ओळ पळत सुटलो. दर ओळीत एक मणी, एक पान. अठराच्या अठरा ओळी कॅबरने. ओढ्याशी पोचलो तेव्हा दात जांभळे झाले होते आणि मी एकटाच हसत होतो. तीन वर्षांचं कोडं तोंडातच सुटलं होतं.

मग हसू थांबलं. सहा वर्षांपूर्वी या बागेत कलम करायला काड्या आम्हीच दिल्या होत्या, मीच घेऊन आलो होतो. शिराझच्या काड्या कमी पडल्या. शेजारच्या ओल्या गोणपाटात आणखी जुड्या होत्या, चिठ्ठी भिजून गळून पडलेली. कोण परत जाऊन विचारणार? शिराझच असणार, म्हणत मी त्या देऊन टाकल्या. नंतर मणी आणायला आलो, तोही दर वेळी वरच्या चार-पाच ओळींतूनच. चहा तिथेच मिळायचा. नियम सगळ्या बागेत फिरून मणी घ्यायचा आहे. तो मीच नव्या मुलांना शिकवतो.

वर जाऊन नानांना सगळं सांगितलं. पत्रही दाखवलं. त्यांनी ते वाचून घडी घालून परत दिलं.

"तीन वर्षं तुम्ही पाणी तोडा म्हणत व्हते," ते म्हणाले. "मी तोडत गेलो. खालची झाडं दुपारी माना टाकायची. म्हटलं, साहेब शिकलेले हायेत."

मी पत्र परत खिशात घातलं.

"आता काय करू, ते सांगा."

"खालचं आज तोडू नका. तीन आठवडे थांबा. आणि थोडं पाणी द्या."

मॅडमना फोन केला. ट्रक अर्धाच येणार म्हटल्यावर त्या भडकल्या. मी म्हणालो, "चूक नानांची नाही, माझी आहे. पहिल्यापासून." मग त्या म्हणाल्या, "लेखी द्या." दिलं.

तीन आठवड्यांनी खालच्या ओळी तोडल्या. बी तपकिरी झालं होतं. दोन्ही द्राक्षं वेगवेगळ्या टाक्यांत ठेवली. काही महिन्यांनी मॅडमसमोर नाव न सांगता दोन ग्लास ठेवले. पहिल्यात जांभूळ, मिरी, मऊ आणि चटकन संपणारी चव. दुसरी आधी जीभ आवळायची, मग हळूहळू काळा मनुका आणि कोको उलगडत जायचा, आणि घोट गिळल्यावरही रेंगाळायचा.

मॅडमनी दुसरा ग्लास परत उचलला. "ही कुणाची?"

"दौलतनानांची. दोन्ही त्यांच्याच."

करार नवा झाला, दोन द्राक्षांच्या दोन नोंदी करून. माझा कबुलीजबाब अजून फाइलमध्ये आहे आणि तो तिथेच असावा, असं मला वाटतं. लॅबमधलं यंत्र साखर अचूक मोजतं, पण मणी कुठून आणले ते त्याला विचारता येत नाही. म्हणून आता तोडणीआधी मी जानीबाईच्या टोळीला विचारतो, भाकरीसोबत कुठलं खाताय.

नाना मला चहा अजूनही देतात. फक्त आता किटली ओढ्याशी ठेवतात.