दादाची साक्ष

माझा थोरला भाऊ कुलूपवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी, आत कानशी, हातोड्या आणि हुकांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. अख्ख्या गावाची दारं उघडून देणारा हा माणूस स्वतःच्या तोंडाला मात्र कुलूप लावून बसला होता. त्याची पोर गेली तेव्हापासून. डोंगरावरच्या तलावात होडी उलटली आणि ती बुडाली. तिच्यासोबत आणखी चौघं गेली. चौकशीला आलेल्या साहेबानं होडीवाल्याशी बोलून ठरवून टाकलं, की मुलगी मस्ती करत उभी राहिली म्हणून होडी कलंडली. दादा काठावरच होता, सगळं डोळ्यांनी पाहत होता. पण बापाची साक्ष कोण घेतो? म्हणाले, तुम्ही भानावर नाही, घरी जा. त्या चार घरांतली माणसं आजही आम्हाला पाहून रस्ता बदलतात. पोर परत येणार नाही हे दादाला कळत होतं, तेवढा वेडा तो नाही. तिच्या माथ्यावरचा दोष कुणीतरी पुसावा, एवढंच त्याला हवं होतं.

अशात आमच्या वरच्या खोलीत परदेशातून आलेला एक तरुण धर्मप्रचारक राहायला आला. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. आमची भाषा तो पुस्तकातून शिकलेला. दूधवाल्यालासुद्धा "आपली कृपा असावी" म्हणायचा, म्हणून मी त्याचं नाव पाठ्यपुस्तक ठेवलं. बिचारा दारोदार हिंडून विचारायचा, "आपण साक्ष द्याल काय?" त्याच्या पंथात देवाचा आलेला अनुभव चारचौघांत सांगणं म्हणजे साक्ष. आमच्या गल्लीला ठाऊक ती कोर्टातली. त्यामुळे तो दिसला की दारं धडाधड बंद. किराणावाल्यानं तर त्याला शपथेवर सांगितलं, की त्या दिवशी मी गावातच नव्हतो. कुठल्या दिवशी, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी पाठ्यपुस्तकानं टपरीवर जाऊन दादाला विचारलं. मी तिथंच होते. दादाच्या हातातली कानस थांबली.

"देतो," तो म्हणाला. "पण इथं नाही. जिथं घडलं तिथं."

पोराला आकाश ठेंगणं झालं. इथं आल्यापासून त्याला हो म्हणणारा हा पहिलाच माणूस. घरी गेल्यावर मी दादाला समजावलं, की अरे, ही साक्ष वेगळी, हिच्यानं चौकशी उघडत नाही. तो म्हणाला, साक्ष ती साक्ष, कुणीतरी मागितली तर खरी. मग मी जिना चढून पाठ्यपुस्तकाला पोरीचं सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, दुःखातूनच देव सापडतो. आता याच्यापुढे काय कपाळ फोडायचं?

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं बसनं वर गेलो. मी डब्यात पाव आणि उकडलेली अंडी घेतली होती. दादानं ठेवणीतला कोट घातला होता, तो आता अंगावर नुसता लोंबत होता. पाठ्यपुस्तक खिडकीतून डोंगर बघून लहान मुलासारखा हरखला. तलाव दिसल्यावर त्याच्या तोंडून "किती सुंदर" निघून गेलं, आणि लगेच त्यानं जीभ चावली. सुंदर होताच मेला. निळाशार, आणि काठावर लोक हसत फोटो काढतायत. मला त्या पाण्याची चीड आली.

दादा धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला, कोटाची बटणं लावली आणि बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कोण कुठं बसलं होतं, होडीवाल्यानं माणसं कशी कोंबली, तळाच्या फळीतून पाणी कसं वर आलं, सगळं त्यानं क्रमानं सांगितलं.

"पाणी आत आलं तेव्हा माझी पोर उठली," तो म्हणाला. "समोरच्या बाईच्या हातून तान्हं निसटत होतं, ते धरायला उठली. मस्ती करायला नाही. होडी आधीच कलली होती. मी पाहिलंय."

पाठ्यपुस्तक मान खाली घालून ऐकत होता, आता देवाचं नाव येईल म्हणून वाट बघत. ते काही आलं नाही. दादानं घाम पुसला आणि विचारलं, "साहेब, आता ही साक्ष वर कुणाकडे देणार तुम्ही?"

पोरगं कानापर्यंत लाल झालं. आपण काय मागितलं आणि या माणसानं काय दिलं, ते त्याला आत्ता कुठं कळलं. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, तेवढा चांगुलपणा होता त्याच्यात. शेवटी म्हणाला, "परमेश्वरानं आपली साक्ष ऐकली आहे."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. रागानं नाही. भलत्याच कुलपाची किल्ली घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे तो बघतो, तसा.

"त्याला कशाला हवी साक्ष?" दादा म्हणाला. "तो तर तेव्हा इथंच होता ना?"

पाठ्यपुस्तक तिथंच धक्क्यावर बसून हमसाहमशी रडायला लागला, आणि दादालाच खाली वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. दादाच्या पाठीवरून फिरवायला मी होते, पण माझा हात काही उचलेना.