यादीतलं पहिलं नाव

मॅडमनी मागितलेली यादी मी अकरा मिनिटांत दिली. प्रिंट काढली, स्टेपल केली आणि प्यूनकडे न देता स्वतः केबिनमध्ये नेली. नोकरीच्या चौथ्या वर्षीही मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे काही मागितलं की मला बरं वाटायचं. मी शिकलो त्या राजापूरजवळच्या शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवली होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.लिब. झालो आणि घाटकोपरच्या या शाळेत मॅडमनी एक अख्खी लायब्ररी माझ्या हाती दिली. ते मी आजही विसरलेलो नाही.

त्या सकाळी असं झालं होतं. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज सुविचार लिहितात. नेमके ट्रस्टी येणार होते त्या दिवशी कोणीतरी तो पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आम्हाला मोजू नका'. ट्रस्टींनी ते वाचलं. सायन्सच्या बाईंनी सांगितलं की हे वाक्य लायब्ररीतल्या एका इंग्रजी पुस्तकातलं आहे, नववीची मुलं हल्ली तेच बोलत असतात. म्हणून ते पुस्तक कोणी कोणी नेलं, याची यादी हवी होती.

ती तीन भागांची मालिका होती. भिंतीआडचं एक शहर. तिथे हवा पाइपातून वॉर्डाप्रमाणे मिळते आणि रोज संध्याकाळी मुलांची मोजणी होते. रूथ नावाची मुलगी एका संध्याकाळी मोजणीला जात नाही, तिथून गोष्ट सुरू होते. मी ती पुस्तकं आधी कामाचा भाग म्हणून चाळली आणि मग डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली. माझं इंग्रजी वाचन खरं म्हणजे त्या पुस्तकांनी सुधारलं.

नववीतली सायली ती माझ्याहून मन लावून वाचायची. पहिला भाग तिने पाच वेळा नेला होता. तिचं घर आधी घाटकोपरलाच पाइपलाइनच्या बाजूला होतं. ते पाडल्यावर त्यांना माहुलला, रिफायनरींच्या शेजारी खोली मिळाली. शाळा बदलायची नाही म्हणून ती दोन बस बदलून यायची. एकदा मला म्हणाली, "सर, यात वासाचं अगदी बरोबर लिहिलंय. पहिले चार दिवस येतो, मग येत नाही. तो असतोच, पण आपल्याला येत नाही."

आमचं भांडण व्हायचं ते ओल्डनवरून. ओल्डन म्हणजे मोजणीच्या गेटवरचा म्हातारा कारकून. मुलांशी प्रेमाने बोलतो, अक्षर सुंदर, वही स्वच्छ. कोण आलं नाही ते मात्र रोज वर कळवतो. मला तो आवडायचा. मी म्हणायचो, बिचारा आपलं काम करतो. सायली मान हलवायची. "चांगला नाहीये तो, सर. नुसता नम्र आहे."

आता यादीचं सांगतो. लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इश्यू हिस्टरी' असते, म्हणजे कोणतं पुस्तक कोणी किती वेळा नेलं त्याची नोंद. छापताना ज्याने जास्त वेळा नेलं त्याचं नाव वर येतं. मॅडमनी यादी हातात घेतली आणि पहिल्या नावाभोवती पेनने गोल केला. खालची सतरा नावं त्यांनी वाचलीही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सायलीच्या आईला बोलावलं. त्या हॉस्पिटलमध्ये हाउसकीपिंगला होत्या, युनिफॉर्मवरच आल्या. मलाही केबिनमध्ये उभं केलं होतं. सायली एकच सांगत राहिली की तिने लिहिलेलं नाही. मला माहीत होतं की तिची बस प्रार्थनेची घंटा होता होता पोहोचते. त्या दिवशी ती प्रार्थना सुरू झाल्यावर मागच्या रांगेत येऊन उभी राहिलेली मी स्वतः पाहिली होती. फळ्यावर ते त्याआधीच लिहिलं गेलं होतं.

"मॅडम, ती त्या वेळी..." मी म्हटलं.

"सर, यादी तुम्हीच दिलीत ना?"

"हो," मी म्हटलं.

मॅडमनी दोन पर्याय ठेवले. माफीपत्र, नाहीतर वर्तनाचा शेरा. तो शेरा दाखल्यावर जाणार होता. आईने सायलीकडे पाहिलं. "लिहून दे बाय. मला ड्युटीवर जायचंय." सायलीने लिहून दिलं. तिचं अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. फळ्यावरचं तसं नव्हतं. फळ्याचा फोटो मॅडमच्या फोनमध्ये होता. तो कोणी उघडला नाही आणि उघडा असं मीही म्हटलं नाही.

संध्याकाळी तिन्ही भाग विड-आउट करायचा आदेश आला. विड-आउट म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकणं. दोन भागांवर मी शिक्का मारला. तिसरा मात्र ड्रॉवरमध्ये ठेवला. तो तिने अजून वाचला नव्हता.

त्यानंतर सायली आपणहून लायब्ररीत आली नाही. तिच्या वर्गाचा लायब्ररीचा तास असला की दाराजवळच्या बाकावर गणिताची वही उघडून बसायची. महिन्याभराने एकदा मी तिसरा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, याची कुठेच नोंद नाही, घेऊन जा.

तिने हात लावला नाही. "नको सर. तुम्ही वाचलात ना? ओल्डनचं काय होतं?"

"काही होत नाही. रिटायर होतो. निरोप समारंभ करतात त्याचा."

"वाटलंच मला," असं म्हणून ती वहीत बघायला लागली.

पुढच्या वर्षी दहावीच्या सेंडऑफला तिच्या वर्गातला एक मुलगा माझ्याकडे आला. फळ्यावर त्याने लिहिलं होतं. लायब्ररीचं कार्ड त्याने कधी काढलंच नव्हतं. ऑफ तासाला सायली वर्गाला गोष्ट सांगायची, त्यातलं ते वाक्य त्याला आवडलं होतं. मी त्याला विचारलं, तेव्हा का नाही बोललास? तो म्हणाला, "सर, तुम्ही केबिनमध्येच होतात ना? मला वाटलं, तुम्ही बोलाल."

सायली त्या दिवशी आली नव्हती.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग आहे. ते चालू केलं की पुस्तक परत आल्याबरोबर नेणाऱ्याचं नाव पुसलं जातं, नुसता आकडा राहतो. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण नावं असली की रिपोर्ट चांगला दिसतो, म्हणून मी ते बंद ठेवलं होतं. आता ते चालू आहे. यादीवरून पुस्तक कोणी नेलं तेवढंच कळतं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. त्यावर परीक्षेत प्रश्नही आला होता आणि मी बरोबर उत्तर लिहिलं होतं.