स्वप्नालीची अर्धी सही

स्वप्नाली फोन उचलला की आधी विचारते, "कोण गेलं?" एसटीत पुढच्या माणसाच्या मोबाइलवरचे मेसेज वाचते. त्याला उत्तरंही सुचवते. पाहुणे उठायला लागले की चहा ठेवते.

ती माझी मैत्रीण. लग्न करून दिली युसूफ वडगाव या गावात. दोन मुली, दोन्ही सिझेरियन. तिसऱ्या खेपेला सासरच्यांनी नारायणगडाला मुलासाठी नवस बोलला. तिला कुणी विचारलं नव्हतं. मुलगी झाली.

मुलगी निघाली, वार निघेना. जुन्या टाक्यांच्या जागी ती गर्भपिशवीत मुळासारखी रुतली होती. डॉक्टरीणबाईंनी ओढली नाही. ओढली तर रक्त थांबत नाही. नाळ कापली, वार आतच ठेवून पोट शिवलं. म्हणाल्या, "हळूहळू विरेल. पण रक्त जायला लागलं तर पिशवी काढावी लागेल."

चौथ्या दिवशी जायला लागलं. चादर बदलेपर्यंत दुसरी भिजत होती.

सासूबाई सुंदरबाईंची पिशवी पस्तिसाव्या वर्षीच काढली आहे. पोटात दुखत होतं, ऊसतोडीचा हंगाम तोंडावर होता. चहा निवायच्या आत निर्णय झाला. आमच्या जिल्ह्यात पिशवी दातासारखी काढतात. ती काढल्याशिवाय बाई जगणार नसेल, तेव्हा मात्र बैठक बसते.

बसली. वॉर्डाच्या दारात.

"पिशवी काढल्यावर पोरगं कुठून आणायचं?" सुंदरबाई म्हणाल्या.

"आणि ही गेली तर?" डॉक्टरीणबाई.

"दुसरी करता येती."

नवरा अंगद म्हणाला, "मामाला इचारतो. मामा मीटिंगमधी हाय."

मी एम. ए. मराठी. मी तिसरी चादर आणली.

खाटेवरून आवाज आला. "मॅडम, कावून थांबल्या? पिशवी माझी हाय ना? माझी सही चालती का न्हाई?"

"तुझीच लागते."

"मग ही सभा कशाची भरली व्हती? आणा कागद."

तिने लिहिलं, स्वप्नाली. पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव यायचं होतं. पेन तिथंच थांबलं.

"पुरे," म्हणत डॉक्टरीणबाईंनी स्वतः स्ट्रेचर ढकललं.

चार बाटल्या रक्त लागलं. वारेसकट पिशवी गेली. स्वप्नाली वाचली. संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांची परवानगी होती.

घरी सोडायच्या दिवशी क्लार्कने तोच कागद पुढे केला. "ताई, नाव पूर्ण करा. फाइल बंद करायचीय."

"करते की," ती मुलीला पाजत म्हणाली.

आठ महिने झाले. दोनदा तपासणीला जाऊन आली. नावापुढची जागा कोरीच आहे.