दुपारची मोजणी

कपाळावर आडवा हात धरून ते निरभ्र आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "वर लई हालून राहिलंय. दुपारून मोजणी न्हाई." तुम्ही आम्ही वर बघावं, तर साधी घारसुद्धा नाही.

जमीनमोजणीच्या कचेरीत त्यांचं नि माझं टेबल शेजारी होतं. हल्ली शेताची हद्द उपग्रहाच्या संदेशावर चालणारं यंत्र सांगतं. सूर्य खवळला की फार उंचावरचा विजेने भारलेला थर ढवळून निघतो, संदेश वाटेत रेंगाळतो आणि यंत्र तोंड वर करून खोटं बोलतं. दुपारी जास्तच. म्हणून हा गृहस्थ चहाच्या आधी मोबाईलवर त्या थराचा अंदाज बघून फळ्यावर खडूने लिहायचा. लोक विचारायचे, "सायबाचं पंचांग काय म्हणतंय?"

"पंचांग न्हाई हो, अंदाज हाय. चुकतो बी."

खुर्चीत मात्र टिकायचे नाहीत. दर दहा मिनिटांनी दारात. मला त्या येरझाऱ्यांचा राग यायचा.

त्या येरझाऱ्यांना कारण होतं. उमरीकडच्या एका विधवा बाईंच्या शेताची मोजणी त्यांनी एकदा वरिष्ठांच्या घाईपायी भर दुपारी उरकली. बाईंचं बोअर हातभराने दिराच्या हद्दीत गेलं. संध्याकाळी यांनी त्या थराची दुपारची नोंद बघितली, तर वर नुसता गोंधळ. बाईंची तक्रार नव्हती. यांनीच अर्ज दिला, माझी मोजणी चुकली. सकाळी फेरमोजणी झाली. बोअर बाईंना परत मिळालं, यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

मग त्यांनी आपल्या सगळ्या दुपारच्या मोजण्यांची यादी काढली आणि सकाळी जाऊन हद्दीचा एकेक दगड तपासू लागले.

"निघाला ना बरोबर?" मी विचारायचो.

"हाव. पण पुढचा?"

नांदेडच्या दवाखान्यात त्यांना बघायला गेलो तेव्हा यादीत एकच उरला होता. "तेवढा तळ्याकाठचा ऱ्हायला," ते म्हणाले. सलाईन लावलेला हात कपाळाकडे जात होता.

"तो मी परवाच बघितला. बरोबर आहे."

मी बघितला नव्हता.

"तीनदा मोजलं?"

"तीनदा."

त्यांनी डोळे मिटले. इतकं स्वस्थ त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर, अंदाज चांगला बघून, मी सकाळी तळ्याकाठी गेलो. तीनदा मोजलं. दगड हातभर चुकलेला होता.

खोटं बोललो ते बरंच केलं असं अजून वाटतं. ते असते तर एव्हाना अर्ज गेला असता. मी 'मोजणी चुकली' एवढं लिहून बसलो आहे. कुणाची, ते लिहायला हात धजत नाही. दर दहा मिनिटांनी उठतो आणि दारात जाऊन वर बघतो.